हैदराबादच्या नावाची विमानं



या व्याख्यानमालेतला माझा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलंच, की औशाचा आणि लढाऊ विमानांचा काय संबंध? इथे किल्ला आहे, नाथ संस्थान आहे, विमानं कुठली? संबंध आहे, आणि तो शेतसाऱ्यातून जातो.

लंडनच्या उत्तर भागात हेंडन इथे ब्रिटिश वायुदलाचं संग्रहालय आहे. तिथे डीएच-९ए जातीचं एक दुमजली पंखांचं विमान ठेवलं आहे, क्रमांक एफ १०१०. लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड, अमेरिकी लिबर्टी इंजिन, पुढे वैमानिक आणि त्याच्या मागे उघड्यावर बसणारा निरीक्षक. हे विमान ज्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं, तिच्या पहिल्या विमानांवर ती निजामांची देणगी असल्याचा मजकूर रंगवलेला असे. त्यावरून तिचं नावच ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ पडलं. निजाम म्हणजे मीर उस्मान अली खान, आणि औसा तालुका तेव्हा त्यांच्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात.

ही स्क्वाड्रन नोव्हेंबर १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये उभी राहिली. डीएच-९ए घेऊन युद्धात उतरलेली ही पहिलीच. सप्टेंबर १९१८ पासून ती फ्रान्समधून उडायची आणि भर दिवसा जर्मन शहरांवर नि कारखान्यांवर बॉम्ब टाकायची. दिवसा जायचं म्हणजे शत्रूच्या डोळ्यांदेखत जायचं, त्यामुळे नुकसानही तसंच झालं. ५ ऑक्टोबर १९१८ ला कायझर्सलाउटर्नवरच्या हल्ल्यात एफ १०१० जर्मनांच्या हाती लागलं, आतले दोघे कैद झाले. मग विमान बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, दुसऱ्या महायुद्धात तिथून पोलंडमध्ये, आणि १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात ते ब्रिटनला परत मिळालं.

आता त्याच दोन-तीन महिन्यांत इकडे काय चाललं होतं ते बघा. १९१८ चा पाऊस दख्खनमध्ये दगा देऊन गेला. त्यातच मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ आली. सप्टेंबर ते नोव्हेंबर तिचा कहर होता. संस्थानाच्या उत्पन्नात शेतसाऱ्याचा वाटा सगळ्यात मोठा, आणि सोळा जिल्ह्यांपैकी पाच मराठवाड्याचे. कोणत्या गावचा रुपया कोणत्या पंखाला लागला हे सांगता येत नाही. पण विमानं आकाशातून पडली नव्हती, एवढं नक्की.

इथे थोडा फाटा फोडतो. ब्रिटनमध्ये १९२५ पासून सहायक, म्हणजे ऑक्झिलरी स्क्वाड्रन उभ्या राहिल्या. ६०० क्रमांकाची लंडन शहराची, ६०३ ची एडिंबरा शहराची. आठवडाभर आपापला धंदा-नोकरी सांभाळायची, शनिवार-रविवारी उडायला शिकायचं, असा त्यांचा रिवाज. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत याच हौशी म्हणून हिणवलेल्या मंडळींनी नियमित दलाच्या बरोबरीनं झुंज दिली. स्वतंत्र भारतानंही १९५२ मध्ये राखीव आणि सहायक वायुदलाचा कायदा केला. त्यातून शहरांच्या आणि राज्यांच्या नावाच्या स्क्वाड्रन झाल्या. मुंबईचीही होती, ५२ क्रमांकाची.

या स्क्वाड्रनांना गावाचं नाव मिळालं ते माणसांमुळे. हैदराबादचं नाव मिळालं ते पैशामुळे. ११० क्रमांकाची स्क्वाड्रन काही संस्थानात भरती करून उभारलेली नव्हती. माझ्या मते हा फरक लहान नाही. एडिंबराचा माणूस ‘आमची स्क्वाड्रन’ म्हणू शकतो. औशाच्या शेतकऱ्याला त्याच्या राज्याचं नाव असलेलं विमान आहे, हेच कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रकार वाढला. १५२ क्रमांकाची स्पिटफायर स्क्वाड्रन ‘हैदराबाद’ म्हणून आणि २५३ क्रमांकाची हरिकेन स्क्वाड्रन ‘हैदराबाद स्टेट’ म्हणून लढली. १५२ च्या बोधचिन्हावर निजामांचं शिरोभूषण होतं आणि ब्रीद होतं ‘विश्वासू दोस्त’. निजामांच्या किताबातल्या ‘यार-ए-वफादार’चीच ती इंग्रजी प्रत. ही स्क्वाड्रन पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढली. शूर माणसं होती, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढचा भाग, म्हणजे हैदराबादवरची पोलीस कारवाई, तुम्हाला माहीत आहे, पण या बाजूनं बहुधा पाहिलेला नसेल. १९४८ मध्ये त्याच निजामांकडे स्वतःचं म्हणावं असं लढाऊ विमान नव्हतं. परक्यांच्या तीन-तीन स्क्वाड्रनांना नाव देणारं संस्थान सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकावर अवलंबून राहिलं. तो रात्री कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून शस्त्रं आणून बिदर, वरंगळला उतरवायचा. बिदर म्हणजे आपल्या शेजारचंच! पुढे ब्रिटिश न्यायालयानं त्याला दंड केला, तो दोनशे पौंड. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि पुण्याहून उडालेली टेंपेस्ट विमानं संस्थानावर आली. १७ ला सगळं संपलं. यार-ए-वफादाराच्या मदतीला एकही दोस्त आला नाही.

११० क्रमांकाची स्क्वाड्रन १९७१ मध्ये सिंगापुरात बरखास्त झाली. तिचं दप्तर लंडनला नीट जपलेलं आहे. आपल्याकडचं दप्तर मात्र तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, वाळवीच्या तोंडी आहे. म्हणून एक विनंती करून थांबतो. ज्यांच्या घरी निजामी अमलातल्या साऱ्याच्या पावत्या असतील, उर्दू असोत की मोडी, त्यांनी त्या फेकू नयेत. जाणकाराकडून वाचून घ्याव्यात. लढाईच्या नावानं एखादी रक्कम लावलेली दिसली, तर व्याख्यानमालेच्या मंडळींना जरूर कळवा.