चट्! आणि रॅम गेली

आजचा भाग छोटा आहे, आणि माझ्यासाठी थोडा लाजिरवाणापण.

डिसेंबर महिना, नागपूरचं घर. धाकट्या बहिणीचा लॅपटॉप फार रखडत होता म्हणून नवी रॅम आणली. ती म्हणाली, "दादा, दुकानातच बसवून घेऊ ना." मी म्हटलं, "अगं, इंजिनिअर आहे मी!" गादीवर बसलेलो, अंगावर ॲक्रिलिकचं ब्लँकेट. ते बाजूला सारलं आणि रॅम उचलली. बोटाला बारीकसं 'चट्' झालं. रॅम बसवली, लॅपटॉप चालू होईना. जुनी लावली, लगेच चालू.

तर झालं काय? प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण चार्ज असतो, पण सहसा दोन्ही सारखेच, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि सुटे झाले, की थोडा चार्ज इकडचा तिकडे जातो. घासल्यामुळे जास्त ठिकाणी स्पर्श होतो, एवढंच. 'घासल्याने वीज तयार होते' असं आपण शाळेत लिहायचो ना, ते तसं चूक. चार्ज तयार होत नाही, फक्त वाटणी बदलते. ब्लँकेटवर जितका ऋण गेला, तितकाच धन माझ्यावर उरला. किंवा उलट.

(हे धन-ऋण बेंजामिन फ्रँकलिनने 18व्या शतकात ठरवलं. इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये, आणि तो निघाला ऋण! म्हणून सर्किटमधला करंटचा बाण आजही इलेक्ट्रॉनच्या उलट्या दिशेला असतो. लेगसी कोड, दुसरं काय.)

आता हिशोब. माणसाचं शरीर म्हणजे ढोबळमानाने 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर. 'चट्' जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. गुणाकार केला तर चार्ज येतो 0.3 मायक्रोकूलॉम, म्हणजे जवळजवळ 2 लाख कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला भयंकर वाटतं, पण ऊर्जा अर्धा मिलिज्यूलसुद्धा नाही. म्हणून आपण 'आई गं' म्हणतो आणि विसरतो. चिपचं तसं नाही. तिच्या आतले इन्सुलेशनचे थर काही नॅनोमीटरचे. काहीशे व्होल्टमध्येही ते फुटू शकतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवलं नाही, तरी चिप मेलेली असू शकते.

आणि हे डिसेंबरातच का? पावसाळ्यात वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो, त्यातून चार्ज हळूहळू निघून जातो. नागपूरच्या कोरड्या थंडीत त्याला वाटच नसते. मग तो साठतो, आणि आपण धातूला हात लावायची वाट बघतो.

हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते बरं का.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकानदार काका म्हणाले, "पीसच डिफेक्टिव्ह असेल." मी मान डोलावली. त्यांनी मनगटाला पट्टा बांधला, त्याची वायर अर्थिंगला जोडली आणि नवी रॅम दोन मिनिटांत बसवून दिली. पैसे घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, कालचा तो चट् आवाज मलापण आला होता."

मी परत आत गेलो.