आकाशातून न दिसणारा दगड

मैत्रिणींनो, अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. मोबाइलवरच्या उपग्रहाच्या नकाशातही सापडतं. पण आपल्या बांधावरचा वीरगळ?

इराणच्या सीमेला लागून अझरबैजानचा नखिचेवान भाग आहे. तिथल्या आर्मेनियन चर्च, मठ, दफनभूमींच्या ११० जागा अभ्यासकांनी जुने नकाशे, उपग्रहांचे फोटो लावून शोधल्या. १९९७ ते २०११ मध्ये त्यातल्या १०८ साफ पुसल्या गेल्या. आधीचे फोटो होते, म्हणून कळलं तरी.

वीरगळ उपग्रहाला दिसायचा नाही. भिवंडी-कल्याणकडे गोदामाची भरणी पडली, की दगड गेलाच. तेव्हा चारी बाजूंनी फोटो काढा, मागचं झाड किंवा घर येऊ द्या. गटाच्या वहीत तारीख, सर्व्हे नंबर लिहा. आणि शेंदूर, ऑइलपेंट नको हं, अक्षरं बुजतात!