सीडी उघडा



आपल्या शास्त्राचं पुढं काय होणार, हे परिषदेच्या अध्यक्षानं सांगायची आपल्याकडं पद्धत आहे. ते काम उद्याच्या परिसंवादात माझ्यापेक्षा जाणती मंडळी करतील. मला बोलायचंय ते सीटी स्कॅननंतर पेशंटच्या मोठ्या पाकिटात पडणाऱ्या सीडीबद्दल. हल्ली कुठं कुठं पेनड्राइव्ह किंवा मोबाइलवर लिंक येते, एवढाच फरक. आपल्या ओपीडीत फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली जाते, रिपोर्टच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या जातात आणि पाकीट परत जातं. सीडी आत तशीच. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, त्यामुळं रिपोर्ट वाचला जातो याचा मला आनंदच आहे. पण फिल्मवर जे दिसतं ती आम्ही केलेली निवड असते. मूळ माल सीडीवर असतो.

हा माल म्हणजे काय, तर आकडे. सीटीचा एक कट म्हणजे ५१२ गुणिले ५१२ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा. पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास, घट्ट हाड हजाराच्या घरात किंवा त्याहून वर. एक कट साधारण अर्ध्या एमबीचा, म्हणजे पाचशे कटांचा अभ्यास अडीचशे एमबीचा. हा भार आज कुठलाही बरा लॅपटॉप सहज उचलतो. ज्यांच्या नावानं हे आकडे ओळखले जातात त्या हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. तेव्हा चित्र अवघं ८० गुणिले ८० चौकोनांचं होतं.

पुढं बराच काळ अडचण वेगळीच होती. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची फाइल निराळी, एकाची दुसऱ्याला वाचता येईना. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं आणि यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनेनं मिळून १९८५ मध्ये पहिलं सामाईक मानक काढलं. १९९३ मध्ये त्याला आजचं रूप आलं, तेच डायकॉम. डायकॉम नसतं तर घरच्या संगणकावर स्कॅन पाहायची गोष्टच निघाली नसती. त्याआधी, १९८७ साली, जनरल इलेक्ट्रिकच्या लोरेन्सन आणि क्लाइन यांनी या आकड्यांच्या ढिगातून पृष्ठभाग कोरून काढायची रीत प्रसिद्ध केली होती. आपण पडद्यावर कवटी फिरवतो तेव्हा बहुधा त्यांचीच युक्ती चालू असते.

सीडीवरचे हे आकडे उघडून पाहायचे प्रोग्रॅम अनेक आहेत. बोस्टनमध्ये १९९८ च्या सुमारास सुरू झालेला थ्रीडी स्लायसर आहे, मॅकवाल्यांसाठी ओसिरिक्स आहे. मला जवळचा वाटतो तो ब्राझीलचा इनव्हेसॅलियस. कांपिनास शहरातल्या रेनातो आर्चर या सरकारी तंत्रज्ञान केंद्रानं २००१ पासून तो घडवला. सार्वजनिक रुग्णालयांतल्या सर्जननाही शस्त्रक्रियेआधी पेशंटची हाडं तिन्ही बाजूंनी पाहता यावीत, हा त्यामागचा हेतू. महागड्या वर्कस्टेशनची वाट न पाहता त्यांनी साध्या संगणकावर चालेल असं काहीतरी केलं आणि जगाला फुकट वाटलं. आपली परिस्थिती त्यांच्याहून फार वेगळी आहे असं मला वाटत नाही.

आता सावधगिरीचं बोलतो. सीडीवरचं फोल्डर प्रोग्रॅममध्ये घेतलं, हाड निवडलं, की क्षणात सुंदर कवटी उभी राहते. नातेवाईक पाहून चकित होतात, आणि खरं सांगायचं तर आपणही. पण ती कवटी म्हणजे एका आकड्याचा निर्णय असतो. इनव्हेसॅलियसमध्ये हाडाची तयार मर्यादा २२६ पासून सुरू होते, त्याखालचं सारं गायब. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, चढलं की बुडतं. देऊळ मात्र जागच्या जागीच असतं. डोळ्याच्या खोबणीचा तळ घ्या. ते हाड कागदासारखं पातळ, खाली सायनसमधली हवा, वर चरबी. चौकोनात तिघांची सरासरी निघते, आकडा २२६ च्या खाली जातो आणि धडधाकट हाडात पडद्यावर भोक दिसतं. अपघातात तोंडावर आपटलेल्या पेशंटच्या चित्रात असं भोक पाहून फ्रॅक्चर ठरवायचं नसतं. मर्यादा खाली ओढा, भोक लहान होतं का पाहा, आणि मग कोरोनल कटांवर येऊन तळाची रेघ सलग आहे का ते तपासा. कटांवर दिसलं नाही ते थ्रीडीत दिसलं, तर आधी थ्रीडीवर संशय घ्या.

हे सगळं कट बारीक असतील तरच. इथं मला माझ्याच बिरादरीशी भांडायचंय. यंत्र एक मिलिमीटरचे किंवा त्याहून पातळ कट सहज काढून देतं, पण सीडीवर पुष्कळदा पाच मिलिमीटरचेच उतरवले जातात. कधी तर नुसते जेपेगचे फोटो, म्हणजे आकडे संपलेच. पाच मिलिमीटरच्या कटांतून उभी केलेली कवटी पायऱ्या-पायऱ्यांची दिसते आणि खोबणीचा तळ तिच्यात शोधणं व्यर्थ. पातळ कट यंत्रावरून काही दिवसांत पुसले जातात, नंतर मागून मिळत नाहीत. तेव्हा रेफरलच्या चिठ्ठीवरच लिहा: ‘थिन कट, डायकॉममध्ये’. सीडी भरणाऱ्या टेक्निशियनला त्यासाठी पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

दोन गोष्टी धावत्या सांगतो. यातल्या पुष्कळ मोफत प्रोग्रॅमना निदानासाठीची सरकारी मान्यता नाही. थ्रीडी स्लायसर तर संशोधनासाठी आहे असं तो स्वतःच सांगतो. समजून घ्यायला, सर्जरी आखायला, पेशंटला दाखवायला वापरा. सही रिपोर्टवरच असू द्या. आणि अख्खं फोल्डर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. प्रत्येक फाइलच्या पोटात पेशंटचं नाव आणि जन्मतारीख असते. ती पुसली तरी डोक्याच्या सीटीत मर्यादा खाली आणली की कातडी उभी राहते आणि चेहरा ओळखू येतो. वाटेल त्यानं पाहावा असा तो फोटो नव्हे.

दुपारी जेवणानंतर वरच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक आहे. नाव पुसलेला जबड्याचा एक अभ्यास सगळ्यांना दिला जाईल. लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही घेऊन या, आणि प्रोग्रॅम आत्ताच उतरवून ठेवा. दोनशे जणांनी एकदम डाउनलोड सुरू केलं तर या सभागृहाचं वायफाय झेपायचं नाही.