साथ आणि सार्वजनिक मैदान

साथीच्या काळी नगरपालिकेपुढे दोन प्रश्न उभे राहतात. काय बंद करावयाचे, हा एक. आणि काय कोणत्याही परिस्थितीत बंद पडू द्यावयाचे नाही, हा दुसरा. पहिल्याची चर्चा फार होते. वस्तुतः शहर जगते ते दुसऱ्यावर. मुंबईने अनेक साथी पाहिल्या. त्यांपैकी दोहोंच्या आधारे मी आज सार्वजनिक मैदानाविषयी चार शब्द बोलणार आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा रोगी प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे, आणि मुंबईच्या महापालिकेचे सभासदही. पुढे ६ ऑक्टोबरला आयुक्त स्नो यांनी फर्मान काढले, की रोग्यास आवश्यक वाटल्यास सक्तीने रुग्णालयात हलवावे. घरोघर धास्ती पसरली. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. परंतु आयुक्तांना या दंग्याइतकीच, किंबहुना अधिक, भीती होती ती निराळीच. हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून निघून गेले तर काय? मैला माणसांच्या हातांनी उचलला जाण्याचे ते दिवस. हे लोक गेले असते तर मुंबई राहण्यासारखी उरली नसती. महिना संपता संपता सक्ती सैल करण्यात आली. यात दयेचा भाग कितपत होता कोण जाणे. ज्यांच्यावाचून अडते त्यांचे मन सांभाळावे लागले, एवढे खरे.

प्लेगनंतर १८९८ साली ‘बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्तीत समुद्राची हवा खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. दादर-माटुंग्याकडे बागांसह नवी वस्ती आखली गेली. गंमत अशी, की प्लेग कोंदट हवेने नव्हे, तर उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. निदान चुकले, तरी मोकळी जागा शहराच्या पदरात पडली. (गरिबांची जितकी घरे पाडली गेली तितकी बांधली गेली नाहीत, हा त्या ट्रस्टवरील आरोप मात्र विसरता येत नाही.) मोकळ्या जागेची ही निकड पुढेही जाणवत राहिली. १९२५ मध्ये महापालिकेने ‘माहीम पार्क’ खुले केले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले.

आता २०२० साली या. करोनाचा प्रतिबंध करण्यासाठी मार्चमध्ये जो कायदा लागू झाला तो १८९७ चा, म्हणजे त्या प्लेगाच्याच पोटी जन्मलेला. पाणी, कचरा, दवाखाने चालू राहिले. त्यासाठी सफाई कामगार आणि परिचारिका यांनी जिवावर उदार होऊन काम केले. १ एप्रिलला धारावीत पहिला रोगी आढळला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहत असताना ‘घरीच विलग राहा’ हे सांगणे व्यर्थ होते. म्हणून शाळा, मंगल कार्यालये आणि राजीव गांधी क्रीडा संकुल विलगीकरणासाठी घेण्यात आले. बहुसंख्य रहिवाशांची भिस्त सार्वजनिक शौचालयांवर. ती वारंवार निर्जंतुक करण्याची व्यवस्था झाली. वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. वानखेडे स्टेडियमची जागाही मागितली गेली होती. परंतु मातीच्या मैदानांवर पावसाळ्यात चिखल होईल, ही अडचण तत्कालीन मंत्री आदित्य ठाकरे यांनीच पुढे मांडली. हे निर्णय कोणी ना कोणी जागेवर जाऊन, विचार करून घेतले होते, हे मान्य केले पाहिजे.

उरलेल्या मैदानांना मात्र नुसते कुलूप लागले. राज्य शासनाने ३ जूनपासून मैदाने, बागा आणि समुद्रकिनारे पहाटे पाच ते सायंकाळी सात उघडे ठेवण्यास मुभा दिली. पण ती चालण्या-धावण्यापुरती. मिळून खेळावयाचे नाही, आणि झोपाळ्यांना हात लावावयाचा नाही. ऑगस्टमध्ये मॉल उघडले. हा विषाणू बंद जागेतील हवेतून अधिक पसरतो आणि उघड्यावर त्याचा धोका पुष्कळ कमी असतो, हे आज आपण जाणतो. प्रारंभी ते कोणास नीट ठाऊक नव्हते, हे खरे. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल मी कोणास दोष देणार नाही. त्यानंतरच्या काळाचे काय? मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग भरले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे सुमारे एकवीस महिन्यांनी. तोवर चाळीतील मुलाने कोठे जावे? ज्याच्या घरापुढे अंगण आहे त्याला मैदान बंद झाल्याचे कळलेही नसेल. चाळीतील मुलाचे अंगण, व्यायामशाळा आणि गच्ची, सारे त्या एका कुलपाआड होते.

झाडूवाला शहर सोडून जाईल या धाकाने १८९६ चा आयुक्त नमला. आठ वर्षांचे मूल कोठे जाणार, आणि त्याच्यावाचून महापालिकेचे अडणार तरी काय! म्हणून पाणी आणि कचरा ‘अत्यावश्यक’ या सदरात बसले. मैदान बसले नाही. ते बसवावयाचे तर फार खर्च लागला असता असेही नाही. धारावीच्या शौचालयांत वारंवार औषध फवारता आले, तर वॉर्डातील मैदानाच्या दाराशी एक माणूस बसवून, सकाळी या गल्लीची मुले आणि सायंकाळी त्या गल्लीची, अशा पाळ्या लावता आल्या असत्या. असे वेळापत्रक साथ येण्यापूर्वीच प्रत्येक वॉर्ड कार्यालयाने तयार ठेवावे, आणि त्यात प्रथम पाळी ज्यांच्या घराला खिडकीही नाही त्यांच्या मुलांची असावी.