संशोधनाची दीक्षा

अन्न पचते कसे, प्राणवायू पेशीपेशीत कसा कामी येतो, याचा विचार करणारे शास्त्र ते इंद्रियविज्ञान. जीवरसायन हे त्याच्याशी निगडित शास्त्र. या शास्त्राचे पाठ ग्रंथांतून घेता येतात. संशोधनाची दीक्षा मात्र प्रयोगशाळेत, गुरूच्या देखरेखीखालीच मिळते. मग प्रयोगशाळेचे दारच बंद असेल तर?

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्‌सी. परीक्षेत उत्तम यश मिळवून बाहेर पडल्या. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत अर्ज करणे ओघानेच आले. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव, तो नाकारला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला तो अटीवर : वर्षभर काम पाहावयाचे, ते पसंत पडले तरच मान्यता द्यावयाची.

श्रीनिवासय्या यांच्या कडक शिस्तीत त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. १९३६ साली एम. एस्‌सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे हॉपकिन्स तेथे होते. पेशींच्या श्वसनास आवश्यक असे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे कमलाबाईंना बटाट्यावर काम करताना आढळले. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा ४० पृष्ठांचा!

स्वदेशी परतल्यावर त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले, आणि विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञानसंस्थेत विद्यार्थी घडविले. नीरेच्या पोषकतेवर व कडधान्यांवर तेथे संशोधन झाले. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचकरसाला अडविणारी द्रव्ये असतात. उष्णतेने त्यांचा जोर ओसरतो. वरण नीट शिजवावे, या गृहिणीच्या दंडकास शास्त्राचा असा आधार आहे.

या शास्त्राला हवा असतो नेमका प्रश्न, सावध हात आणि चिकाटी. कमलाबाईंजवळ ही तिन्ही होती. तरी त्यांना एक वर्ष उमेदवारीत काढावे लागले. ते वर्ष वाया गेले नाही, कारण पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. परंतु दारावरूनच परत फिरलेल्या मुलींचे प्रबंध कोणत्या ग्रंथालयात शोधावयाचे?