तारेचा फासा आणि आपले दोन हात



निवृत्त फौजी आफ्रिकेच्या जंगलात स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणाला, की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूकच येते. प्रत्यक्षात हातात येते ती पक्कड.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान घ्या. क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पाचपट. २०१४ या एका वर्षात तिथे ८२७ गेंडे शिंगासाठी मारले गेले. सशस्त्र रेंजरांची बरीच ताकद या टोळ्यांमागे खर्च होते. त्याच वेळी झुडपांत तारेचे फासे लागत असतात. जनावरांच्या पायवाटेवर झाडाला बांधलेलं एक वेटोळं, बस. लावणाऱ्याला मांसासाठी इम्पाला हरीण हवं असतं. पण त्यात सिंह अडकतो, तरस अडकतो, दुर्मीळ रानकुत्राही अडकतो. जनावर जितकं ओढतं, तितकी तार आवळते.

हे फासे शोधायला माणसं लागतात. थोड्या थोड्या अंतरावर रांग धरायची, सोबत सशस्त्र रेंजर, आणि डोळे उघडे ठेवून चालायचं. फासा दिसला की जागा नोंदवायची आणि तार बरोबर आणायची. तिथेच टाकली, तर तीच पुन्हा लागते. फौजेतल्या शोधमोहिमेसारखंच हे काम. फक्त हुकूम रेंजरचा. आपलं वय आणि हुद्दा गेटवर ठेवायचा. तिथले ऑनररी रेंजर्स १९६४ पासून उद्यानांसाठी बिनपगारी राबत आहेत.

एक धोका मात्र सांगतो. सिंहाच्या बछड्यांना बाटलीनं दूध पाजायला स्वयंसेवकांकडून पैसे घेणाऱ्या खासगी जागा त्याच देशात आहेत. आईपासून तोडलेली, माणसाळलेली ही पिल्लं पुन्हा जंगलात सोडता येत नाहीत. त्यांतली काही मोठी झाल्यावर कुंपणातल्या शिकारीसाठी विकली जातात. आपला फोटो छान येतो, किंमत सिंह मोजतो.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच विचारा: मी आलो नाही, तर इथलं कोणतं काम अडेल? सरळ उत्तर मिळालं तरच जा.

तयारी आजपासून करा. रोज आठ-दहा किलोमीटर चाला. प्रथमोपचार शिका. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, तेव्हा डॉक्टरांना भेटा. आणि तारेचे फासे आपल्याही जंगलांत लागतात; सरावासाठी आधी जवळच्या वनविभागाकडे जाऊन विचारा.

जय हिंद.