घोरणे, गुदमरणे आणि शस्त्रक्रिया

(घाटनांदूर येथील भाषण)



घोरणाऱ्यास गाढ झोप लागली आहे, असा आपला समज असतो. परंतु घोरता घोरता दहा सेकंद वा अधिक काळ श्वासच अडत असेल आणि हे रात्रभर वारंवार घडत असेल, तर त्या विकारास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. त्याने रक्तदाब वाढतो. दिवसा डुलकी येते; ती ट्रॅक्टर चालविताना आली तर काय होईल, हे सांगावयास नको.

१९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारे यंत्र पुढे आणले. प्रौढांसाठी आजही बहुधा तोच पहिला उपाय होय. पण रात्रभर मुखवटा अनेकांना सोसवत नाही, आणि वीज गेली की यंत्रही थांबते. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार होतो. पूर्वी श्वासनलिकेला छिद्र पाडीत. उपाय खात्रीचा, जिणे मात्र अवघड. टाळू व पडजिभेची शस्त्रक्रिया सर्वांना सारखी लागू पडत नाही. अडथळा जिभेच्या मुळाशी असेल, तर टाळू कापून उपयोग काय? जबडे पुढे सरकविण्याची शस्त्रक्रिया अधिक परिणामकारक, पण मोठी आहे. शिवाय घोरणे थांबले म्हणजे रोग गेला असे नव्हे. झोपेची तपासणी पुन्हा करावी लागते.

मुलांचे निराळे. वाढलेले टॉन्सिल व नाकामागील ॲडेनॉइड काढणे हाच तेथे बहुधा पहिला उपाय. तेव्हा वर्गात पेंगणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या आईस रात्रीच्या श्वासाविषयी अवश्य विचारावे. घसा तपासून घेण्यास अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्या तालुक्यातच आहे.